परत केलेला सरंगा

मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात माणसाचा हात थंडगार लागावा, हे काही बरं लक्षण नाही. नेत्राला ते त्या क्षणी कळलं. बाकी बरंच काही कळायला तिला फार उशीर झाला, पण ते पुढे.

त्या दिवशी तिची सुट्टी होती आणि ती मिरकरवाड्याच्या बंदरावर बांगडे घ्यायला आली होती. नेत्रा मूळची चिपळूणची. रत्नागिरीतल्या एका खासगी हॉस्पिटलात नर्स, आणि तिथल्याच सानिका नावाच्या मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहणारी. मासळीच्या घासाघिशीत आपला हात कुणी धरणार नाही, असं तिचं स्वतःचं ठाम मत होतं. बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते, त्यामुळे बाजाराला नुसता ऊत आला होता.

"मावशी, एवढ्याला नको हं. बघा तरी, डोळे कसे आत गेलेत!"

"माशाचे का माझे?" मावशी पुटपुटली, आणि पिशवी पुढे केली.

पिशवी देताना तिचा हात नेत्राच्या हातावर पडला. थंड... आणि चिकट. नेत्रानं मान वर करून नीट पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब, ओठ सुकलेले, श्वास भराभर. आणि डोळे खरंच आत गेलेले — मावशीचे! तिनं मनगट धरलं. नाडी दोऱ्यासारखी बारीक लागत होती, आणि नुसती धावत सुटली होती.

"मावशी, लघवीला कधी जाऊन आलात?"

"काय विचारतंस गो भर बाजारात!" शेजारची बाई फिस्सकन हसली. मग तीच गंभीर होऊन म्हणाली, "लग्नाच्या हळदीचा जेवली न् रात्रीपासून उलट्या, जुलाब चाललेत गुणवंतीला. पाणीसुद्धा प्याली नाय. पोटात ऱ्हातच नाय तर पिऊन काय करू, म्हणते."

"काय नाय झाला मला," गुणवंतीमावशी म्हणाली, आणि म्हणता म्हणता बाजूला कलली.

झालं! नेत्रानं बांगडे टाकले, ओढणी खोचली, मावशीला तिथंच ओल्या फरशीवर आडवं केलं आणि पाय उचलून मासळीच्या उपड्या क्रेटवर ठेवले. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं.

"ओ मॅडम! काय करताय माझ्या आईला?"

उंच, उन्हानं रापलेला, गुडघ्यापर्यंत भिजलेला एक तरुण धावत आला. हा मितेश. याचे आबा, दत्ताराम, बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान, आणि हा त्यांच्या हाताखाली.

"नर्स आहे मी. अंगातलं पाणी संपलंय त्यांच्या. शॉकमध्ये चालल्यात. गाडी आणा."

"गाडी... बर्फाचा टेंपो आहे."

"मग आणा ना!"

"मासळीच्या टेंपोतून आईला?"

"तुमच्याकडे विमान आहे का?"

टेंपो दुसऱ्या कुणीतरी हाणला. मागे मावशी आडवी, तिची नाडी धरून नेत्रा, आणि दोघींवर ताडपत्रीची सावली धरून मितेश उभा. वाटेत मावशीचं कण्हणं थांबलं.

"गप्प झाली," तो हुश्श करत म्हणाला. "बरं वाटलं असेल."

"नाही हो!" नेत्रा जवळजवळ किंचाळली. "बोंबलणारा पेशंट परवडतो. गप्प झालेल्याकडे आधी बघायचं असतं. त्यांना म्हणावं गाडी जोरात घ्या. — मावशी! ओ मावशी! डोळे उघडा!"

हे वाक्य तिनं नव्या पोरींना किती वेळा शिकवलं होतं. तोंडपाठ होतं अगदी. तोंडपाठ असलेलं वेळेवर आठवतंच असं मात्र नाही.

हॉस्पिटलात पोचल्यावर डॉक्टरांनी दोन्ही हातांना सलाईन लावलं आणि पार उघडं सोडलं. नेत्रा सुट्टीवर होती, अंगाला मासळीचा वास मारत होता, तरी ती हलली नाही. बीपी बघ, नाडी बघ, नखं दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघ. संध्याकाळी लघवीच्या पिशवीत चांगली धार दिसली, तेव्हा कुठे तिचा चेहरा खुलला.

"सिस्टर," मितेश खुर्चीवरून म्हणाला, "माझ्या आईच्या लघवीकडे बघून इतकं गोड हसणारी मुलगी मी पहिल्यांदाच बघतोय."

"किडन्या चालू झाल्याची खूण आहे ती!"

"असेल. हसू पण चालू झालं ना."

आगाऊ कुठला! नेत्रानं तोंड फिरवलं, पण कान तापले ते तापलेच.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जुलाबातून मावशीच्या अंगातलं पोटॅशियम निघून गेलं होतं, त्यामुळे पायांत जोर नव्हता. नवी बाटली लागली, तीही मशीनवर, मोजूनमापून.

"काल पाणी धो धो सोडलंत," मितेश म्हणाला. "आज ही कंजुषी का?"

"पाणी गेलेलं असतं तेव्हा ते भराभरच द्यायचं, उशीर केला तर माणूस जातो. हे मात्र सावकाश. घाई केली तर हृदय थांबेल."

"बाप रे! म्हणजे हृदयाच्या कामात घाई नको."

"अजिबात नको," ती म्हणाली. आणि उगाचच लाजली.

मावशी सुधारली. घरी सोडताना नेत्रानं मितेशला साखरमिठाचं पाणी कसं करायचं ते समजावलं. पाणी उकळून गार केलेलं, साखर एवढी, मीठ एवढंसं.

"आणि देण्याआधी चाखून बघायचं. डोळ्यातल्या पाण्याइतकंच खारट पाहिजे, त्याहून जास्त नको."

"पंचाईत आहे," तो म्हणाला. "मी कधी रडतच नाही. मला चव कशी कळणार?"

"मग कुणाला तरी रडवा आणि विचारा."

"तुम्हाला तर नाही रडवणार," तो म्हणाला, जरा हळू. आवाजातला तो खट्याळपणा त्या एका वाक्यापुरता कुठे गेला कोण जाणे.

तिथून पुढं मितेशच्या आईचं बीपी फार म्हणजे फारच वेळा तपासावंसं वाटू लागलं. मितेशला. मावशी कधी बरोबर असायची, कधी नसायचीच! "आई रिक्षात बसलीय," असं म्हणून तो काउंटरवर टेकायचा, आणि रिक्षा बाहेर नसायचीच. सानिका तोंडावर हात ठेवून हसायची.

जून-जुलैत बोटी बंद. तो दिवसभर जाळी विणायचा, आणि नेत्राची ड्युटी संपली की दोघं मांडवीला जायची. पाऊस असायचाच. एका छत्रीत चालायचं म्हणजे एक खांदा प्रत्येकाचा भिजायचा. तो मुद्दाम छत्री तिच्याकडे कलती धरायचा, ती सरळ करायची, तो पुन्हा कलती करायचा.

"मासा ताजा आहे हे कसं ओळखता?" तिनं एकदा विचारलं.

"डोळे बघायचे. कल्ले बघायचे, लाल पाहिजेत. बोट दाबलं तर खळगा राहता कामा नये."

"अय्या! आम्ही पण तेच बघतो की. डोळे, रंग, आणि दाबून खळगा."

"मग माझ्याकडे बघून सांगा, कसा आहे?"

"थोडा शिळा वाटतोय," ती म्हणाली, आणि तो इतका मोठ्यानं हसला की कणसं भाजणारी बाई वळून बघायला लागली.

आता लपवायचं कशाला? नेत्राला तो आवडला होता. चांगलाच आवडला होता. यानं विचारलं की हो म्हणायचं, हे तिनं ठरवून टाकलं होतं. चिपळूणला बाबांना काय सांगायचं, आईला कसं पटवायचं, याची उजळणीसुद्धा आरशासमोर करून झाली होती. फक्त त्यानं विचारायचं बाकी होतं. आपण होऊन? छे! हृदयाच्या कामात घाई नको, तिनंच नव्हतं का सांगितलं?

नारळी पौर्णिमा जवळ आली, तसा तो जरा अस्वस्थ झाला. धक्क्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "तुम्हाला सरंगा आवडतो?"

"कुणाला नाही आवडत?"

"आणून दिला तर... ठेवून घ्याल?"

"साफ कोण करणार?"

"मी करीन."

"मग बघू," ती म्हणाली, नाक उडवून. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. ते बघणं वेगळं होतं. तिला ते कळलंही, पण एवढंच वाटलं की बोटी सुटणार, भेटी कमी होणार, म्हणून असेल.

समुद्राला नारळ दिला. बोटी गेल्या, आणि पहिली मासळी घेऊन परत आल्या.

त्या दिवशी नेमकी एक नर्स आजारी पडली आणि नेत्राला अचानक दुपारची ड्युटी लागली. काउंटरवर मेट्रन उभ्या. कुणीतरी पेशंटकडून आंब्याच्या साठांचं पुडकं घेतलं म्हणून सगळ्यांची खरडपट्टी काढणं चाललेलं. "पेशंटकडून कणभरसुद्धा काही घ्यायचं नाही. मला दिसलं तर त्याच दिवशी घरी!" नेमक्या त्याच वेळी, निथळती छत्री दाराशी टेकवून, मितेश आत आला.

पांढरा इस्त्रीचा शर्ट. भांग पाडलेला. दोन्ही हातांत केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी, पानावर हळदकुंकवाचं बोट. रुपेरी शेपूट बाहेर आलेली.

"तुमच्या खोलीवर गेलो होतो," तो म्हणाला. "कुलूप होतं. आजच द्यायचा असतो, म्हणून..."

मेट्रननं चष्म्यावरून पाहिलं. नेत्रानं हातातली फाईल पटकन मिटली. तिनं आवाज कडक केला, इतका कडक की तिलाच परका वाटला.

"आम्ही पेशंटकडून काही घेत नाही. परत घेऊन जा."

तो थबकला. "परत... नेऊ?"

"हो."

"नक्की?"

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली, आणि वातावरण हलकं करावं म्हणून वर हसून जोडलं, "आईला म्हणावं, कालवण करा आणि तुम्हीच खा!"

दोन-तीन नर्सेस हसल्या. मितेश हसला नाही. "बरं," एवढंच म्हणाला. पान छातीशी धरून तो पावसात चालू लागला. छत्री दाराशीच राहिली.

संध्याकाळी येईल, मग समजूत काढू, तिला वाटलं. आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. तिनं मेसेज केला, 'छत्री राहिलीय.' उत्तर आलं, 'असू दे.' 'आई बऱ्या आहेत?' 'हो.' 'रागावलात का?' 'नाही.' जो माणूस दोन वाक्यं सरळ बोलायचा नाही, तो एकेका शब्दावर आला होता.

आणि ही? ही शहाणी नर्स, गप्प झालेल्याकडे आधी बघा म्हणून पोरींना दटावणारी — हिनं काय करावं? फुगून बसावं! एका माशावरून एवढा राग? असेल बोटीवर कामात. आणि नसेल कामात तर मी का मागे लागू? गणपती गेले, दिवाळी गेली. छत्री खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. सानिका म्हणायची, "अगं, जाऊन तरी ये." नेत्रा म्हणायची, "बघू." सावकाश, सावकाश... सगळं थेंबाथेंबानं चाललं होतं, आणि तिकडे अंगातलं पाणी भराभर चाललं होतं.

शेवटी जानेवारीतल्या एका सकाळी ती छत्री घेऊन मिरकरवाड्याला गेलीच.

गुणवंतीमावशी तिच्या ठरलेल्या जागी बसली होती. नेत्राला बघून ती हसली. पण ते गिऱ्हाइकाला हसतात तसं.

"काय देऊ, सिस्टर?"

सिस्टर! एरवी 'पोरी' म्हणायची. नेत्रानं काहीतरी बोलायचं म्हणून मावशीचा हात हातात घेतला. "आता गरम आहे."

"तुझ्यामुळंच गो," मावशी म्हणाली, आणि तिचा सूर जरा उतरला. "तुझं उपकार इसरणार नाय. म्हणून तर तुला बोलले नाय काय. मन कुणावर जबरदस्तीनं थोडाच बसता? असू दे. आता मितेशचाही जमला. बुरोंडीची पोर हाय. त्यांनी मासा ठेवून घेतला."

"मासा?"

"तुला पाठवलावता तसाच. आमच्या घरची रीत हाय. मोसमातला पयला मासा देवीला, दुसरा पोराच्या मनातल्या घरी. ठेवून घेतला, की मोठी माणसा बोलायला जातात. परत आला, तर गप ऱ्हायचा, दुसऱ्या घरी पुढल्या खेपेचा धाडायचा. का म्हणून इचारायचा नाय. पोरीला तोंडावर नाय म्हणायला लागू नये, म्हणून हो." मावशी बोलता बोलता थांबली. तिनं नेत्राच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला... ठाऊक नव्हता?"

नेत्राच्या तोंडाला कोरड पडली. छातीत धडधड सुरू झाली, तळहात घामानं थंड पडले. सगळी लक्षणं ओळखीची होती. फक्त ती आज स्वतःच्या अंगावर होती, आणि लावायला सलाईन कुठलंच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, पेशंटनं आणलेला मासा."

"अरे देवा!" मावशीनं कपाळावर हात मारला. "मी सांगितलावता त्याला. चिपळूणची पोर, तिला कुठून ठावं? तोंडानं बोल! तर म्हणतो, तिला मी इचारलाय, ठेवून घेशील का म्हणून, ती बघू म्हणाली... आता काय करू गो मी?"

कुणी काय करणार? मावशीनं धक्क्याकडे तोंड करून हाक मारली, आणि मितेश आला. नेत्राच्या हातातली छत्री बघून थांबला. मावशी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगून उठली, पाणी आणायच्या निमित्तानं.

दोघं उभी राहिली. मध्ये बर्फावरची मासळी, वर घारी, आणि लिलावाचा नुसता गलका.

"विचारायचं होतंत ना," नेत्रा म्हणाली. "एकदा तरी विचारायचं होतंत!"

"विचारायचं नसतं."

"मला काय माहीत तुमची रीत! मला ठेवायचा होता तो मासा. मितेश... मला ठेवायचा होता."

तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली. त्यानं डोळे मिटून घेतले.

"तुला आठवतं," तो म्हणाला, "मी म्हटलं होतं, डोळ्यातल्या पाण्याची चव मला माहीत नाही? कळली. त्या दिवशी, तुझ्या हॉस्पिटलातून बंदरापर्यंत चालत येताना. पाऊस होता म्हणून कुणाला दिसलं नाही."

आणि तो 'तू' म्हणाला होता, इतका उशिरा. नेत्राला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"अजून..." तो म्हणाला, आणि अडखळला. "अजून तू म्हणालीस तर... मी आबांशी बोलतो. बुरोंडीला जातो. तू फक्त म्हण."

म्हणायचं होतं तिला! ओठांवर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं बुरोंडीची ती न पाहिलेली मुलगी उभी राहिली. तिनं पान उघडून, लाजत, मासा ठेवून घेतला असेल. आईनं कालवण केलं असेल. आता ती दिवस मोजत बसली असेल. तिच्या दारात जाऊन काय सांगायचं? एकदा चुकून एकाचा मासा परत झाला, म्हणून आता तुझा परत दे?

"तिचं नाव काय?" नेत्रानं विचारलं.

"मैना... घरात तरी मैना म्हणतात."

"आवडतोस का तिला तू?"

त्यानं मान खाली घातली. "फोनवर फार बोलते. दिवसाला दहा वेळा. मीच गप्प असतो."

"गप्प राहू नकोस रे," नेत्रा म्हणाली. "बोल तिच्याशी. ती नर्स नाही, तिला तरी कसं कळणार? नर्सला सुद्धा कळलं नाही."

तिनं छत्री त्याच्या हातात दिली. तो ती घेऊन उभा राहिला, जानेवारीच्या लख्ख उन्हात, छत्रीचं काय करायचं हे न सुचून. मग खाली वाकला, बर्फातून एक सरंगा उचलला, केळीचं पान नव्हतं म्हणून तसाच कागदात गुंडाळला आणि पुढं केला.

"ह्याला आता काही अर्थ नाही," तो म्हणाला. "नुसता मासा आहे."

"कळतंय मला," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी घेतला.

खोलीवर आली तेव्हा सानिका ड्युटीला निघाली होती. ओट्यावर कागद उलगडलेला, आणि नेत्रा नळाखाली मासा धूत, डोळे मनगटानं पुसत उभी.

"अय्या, सरंगा! कुणी दिला गं?"

"पेशंटच्या मुलानं."

"पण आपण घेत नाही ना?"

नेत्रानं नळ बंद केला. मासा ताजा होता. डोळे लख्ख, कल्ले लालबुंद.

"घ्यायचा असतो गं," ती म्हणाली. "वेळेवर घ्यायचा असतो."